दुःख सांगणारं गाणं आशेचं कसं?

प्रश्न : सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' हे सोल (चर्चच्या गायकीतून आलेलं कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत) प्रकारातलं गाणं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या समतेच्या लढ्यात आशेचं गाणं ठरलं, असं वाचनात येतं. मी ते बऱ्याचदा ऐकलं. मला त्यात त्रासच त्रास ऐकू येतो. लोकांना त्यातून धीर कसा मिळाला?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तुमचा कान अगदी बरोबर आहे. त्यात त्रास आहे, आणि तो सोसलेला आहे. ऑक्टोबर १९६३मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात सॅम कुकने फोन करून हॉटेलात खोल्या राखून ठेवल्या होत्या. तोवर तो नावाजलेला गायक झाला होता. तरी काळा माणूस दारात दिसताच खोली नाकारली गेली. त्याने हुज्जत घातली, हॉर्न वाजवत निघाला, तर शांतताभंगाच्या नावाखाली अटक झाली त्यालाच! ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवूडमध्ये हे गाणं ध्वनिमुद्रित झालं.

आता शेवटच्या कडव्याच्या अलीकडचा भाग पुन्हा ऐका. रेने हॉलने केलेल्या वाद्यसंयोजनात तिथे टिंपनी, म्हणजे तांब्याचे मोठे नगारे, पुढे येतात. गाणारा आपल्या भावाकडे मदत मागायला जातो आणि भाऊच त्याला पुन्हा गुडघ्यांवर आणतो. त्यानंतर तो म्हणतो, आपला टिकाव लागणार नाही असं कितीदा वाटलं होतं, पण आता वाटतं, निभावून नेईन. मला विचाराल तर गाण्याचा जीव इथे आहे. पडलो हे लपवलेलं नाही, म्हणून उठण्यावर विश्वास बसतो. नुसतं 'सगळं ठीक होईल' असं कुणी गायलं असतं, तर रोज अपमान गिळणाऱ्या माणसाने ते ऐकूनही घेतलं नसतं.

ही रीत चर्चमधली. सॅम कुकचे वडील धर्मोपदेशक होते, आणि एकोणिसाव्या वर्षी तो 'सोल स्टिरर्स' या गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं गाणाऱ्या गटाचा मुख्य गायक झाला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये माणूस उभा राहून आपल्यावर काय गुदरलं ते सर्वांसमोर सांगतो आणि बाकीचे 'आमेन' म्हणत त्याला उचलून धरतात. हातचं राखून सांगितलं तर साथ कसली मिळणार? सोल संगीताने हीच गायकी चर्चबाहेर, रेडिओवर आणली.

आणखी एक. तुम्ही ऐकता ती आवृत्ती तपासा. सिनेमाला जावं, शहराच्या मध्यवस्तीत जावं, तर 'इथे रेंगाळू नकोस' असं ऐकावं लागतं, हे सांगणारं कडवं मूळ अल्बममध्ये आहे; नंतरच्या सिंगलमधून, म्हणजे हे गाणं वेगळं काढलेल्या छोट्या तबकडीतून, ते कापलं. माझ्या मते हा गाण्यावर अन्यायच होता. हॉटेलांत आणि चित्रपटगृहांत भेदभावाला बंदी घालणारा कायदा जुलै १९६४मध्ये झाला. अल्बम त्याच्या काही महिने आधीचा. ११ डिसेंबरला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागून सॅम कुक गेला, ३३ वर्षांचा असताना. सिंगल आली ती त्यानंतर ११ दिवसांनी.

यानंतर 'स्टेपल सिंगर्स' या गाणाऱ्या कुटुंबाचा 'फ्रीडम हायवे' हा अल्बम जरूर ऐका. अलाबामा राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी या मोर्चानंतर, १९६५मध्ये, तो शिकागोच्या एका चर्चमध्ये लोकांसमोरच ध्वनिमुद्रित केला आहे. टाळ्या आणि मधूनमधून येणारे हुंकार नीट कान देऊन ऐका. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या लोकांनीच देऊन ठेवलंय.