चियांग दाओच्या डोंगरातल्या ध्यान-विहाराला भेट द्यायची असेल तर काय तयारी करावी?

प्रश्न असा आहे की थायलंडमध्ये चियांग माईला चार दिवस मुक्काम आहे, इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर झालंय, आणि एक दिवस वाट थाम फा प्लोंग ('वाट' म्हणजे थाई भाषेत विहार) या अरण्य-विहारात घालवायचाय; कधी जावं, काय न्यावं, काय चुकतं?

सगळ्यात आधी वेळ. थाई अरण्य-परंपरेतले भंते दिवसातून एकदाच जेवतात, तेही सकाळी. त्यामुळे दुपारी दोनला पोचलात तर पायऱ्या आणि चैत्य दिसेल, विहाराचा दिवस दिसणार नाही. चियांग माईच्या चांग फुआक स्थानकावरून फांग किंवा था तोनकडे जाणारी बस पकडा. चियांग दाओ गाव साधारण 70 किलोमीटर, दीड तास. गावापासून चियांग दाओची प्रसिद्ध गुहा पाच-सहा किलोमीटर आणि विहार तिच्याही पुढे दीडेक किलोमीटर. तिथे नेमाची बस नाही. गावातून गाडी ठरवतानाच परतीचं बोलून घ्या, नाहीतर उतरल्यावर उन्हात चालणं आलंच. खरं सांगायचं तर आदल्या रात्री चियांग दाओलाच राहणं सोयीचं.

पायऱ्या पाचशेच्या वर आहेत, गर्द झाडीतून. वाटेवर थाई आणि इंग्रजीत धम्मवचनांच्या पाट्या आहेत. त्या वाचत, थांबत गेलं की अर्ध्या तासात दमछाक न होता वर पोचता. पाणी खालूनच घेऊन चला. वर चुनखडीच्या कड्याला बिलगून चैत्य आणि गुहेतलं ध्यानस्थान आहे. याच अरण्य-परंपरेतले गुरू आचार्य मन यांचे शिष्य लुआंग पू सिम (1909–1992) यांची ही जागा. 'लुआंग पू' म्हणजे आदराने आजोबा.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले, सैल, शक्यतो पांढरे. चपला बाहेर. बसताना तळपाय बुद्धमूर्तीकडे किंवा भंतेंकडे करायचे नाहीत. दोन्ही पाय एका बाजूला मुडपून बसतात. सवय नसेल तर पाच मिनिटांत मुंग्या येतात, तेव्हा बाजू बदला, कोणी काही म्हणत नाही. वंदन पंचांग, म्हणजे दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि कपाळ जमिनीला टेकवून, तीनदा.

दानात लोक हमखास गडबडतात, म्हणून जरा सविस्तर. अन्न नुसतं समोर ठेवून चालत नाही, हातात 'द्यावं' लागतं. हातभर अंतरात या, वस्तू थोडी उचला आणि दोन्ही हातांनी पुढे करा. एका माणसाला उचलवणार नाही असं ओझं या रीतीने देता येत नाही, म्हणून तांदळाचं पोतं सेवेकऱ्याकडे सोपवतात. बाईने थेट हातात द्यायचं नाही; भंते समोर कापड पसरतात, त्यावर ठेवायचं. एकदा दिलेल्या ताटाला तुम्ही पुन्हा हात लावलात की ते परत अर्पण करावं लागतं, म्हणून 'जरा सरकवतो' हा उत्साह नको. दुपारनंतर अन्न चालत नाही, पण मध, तूप, साखर औषध म्हणून घेतात आणि 7 दिवस ठेवू शकतात. उशीर होणार असेल तर मधाची बाटली न्या. पैसे भंतेंच्या हातात कधीही देऊ नका, दानपेटी असते.

शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा की भंते भिक्षेत येईल ते घेतात, मांसाहारसुद्धा. उरलेलं जेवण पाहुण्यांना वाढलं तर भाजीतही माशाचा सॉस असू शकतो. गावातच पोटभर नाश्ता करून निघणं बरं.

ध्यानाबद्दल: इगतपुरीसारखं वेळापत्रक, सूचनांची टेप, गटसाधना यातलं काही इथे मिळेल असं धरू नका. कोपरा शोधून बसायचं. या परंपरेत बरेच जण श्वास घेताना 'बुद्' आणि सोडताना 'धो' धरतात. बसून कंटाळा आला तर चंक्रमण, म्हणजे ठरावीक पट्ट्यात येरझारा. डास मारायचे नाहीत, पंचशीलातलं पहिलंच शील आहे. क्रीम आधीच लावून या.

बुद्धवंदना पाठ असेल तर एक गंमत. थाई तोंडी 'बुद्धं सरणं गच्छामि' हे 'फुत्थङ सरणङ खच्छामि' असं येतं. पहिल्या ओळीत ओळखू येत नाही, दुसऱ्या ओळीत पाली सापडते आणि मग हळू आवाजात साथ देता येते. गावकऱ्यांसोबतची वंदना ऐकायची असेल तर अष्टमी, पौर्णिमा किंवा अमावस्या गाठा. गर्दी असते, एकांत मिळणार नाही.

ऋतू: नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम, पहाटे स्वेटर लागतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगल जळण्याचा धूर दाटतो. डोंगर दिसत नाही आणि श्वासावर ध्यान करायला ती हवा अजिबात बरी नाही. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात.

मुक्कामाने साधना करायची असेल तर मात्र इथे हट्ट धरू नका. मे होंग सोनच्या रस्त्यावरचं वाट पा ताम वुआ परदेशी साधकांना राहायला घेतं, पांढरे कपडे तिथेच मिळतात आणि रोजचा कार्यक्रम आखलेला असतो. ते डोंगरावर नाही, डोंगरांच्या कुशीत आहे, आणि त्यासाठी चार दिवसांतला एक पुरणार नाही.