‘मृदूतक’ आणि ‘मूल ऊती’

एका वाचकाने विचारले आहे की, मराठी विश्वकोशात ‘मृदूतक’, ‘स्थूलकोनोतक’, ‘दृढोतक’ असे शब्द आढळतात आणि शालेय पुस्तकात मात्र ‘मूल ऊती’, ‘स्थूलकोन ऊती’, ‘दृढ ऊती’. तेव्हा हे वनस्पतिपेशींचे वेगवेगळे प्रकार आहेत का?

नाहीत. दोन्हीकडे वस्तू त्याच आहेत. ‘ऊती’ आणि ‘ऊतक’ (पेशींचा समूह, इंग्रजीत टिश्यू) हे दोन्ही शब्द विणणे या अर्थाच्या संस्कृत ‘वे’ धातूपासून आलेले आहेत. ‘ओतप्रोत’मध्येही हाच धातू आहे, त्या शब्दाचा मराठी ‘ओतणे’शी संबंध नाही. पेशी हा धागा मानला, तर ऊती हे त्याचे वस्त्र. म्हणून एका सुट्या पेशीला ‘ऊती’ म्हणू नये.

जोडशब्दांतील फरक संधीचा आहे. दृढ + ऊतक = दृढोतक, आणि मृदु + ऊतक = मृदूतक; त्यामुळे ‘दू’ दीर्घच लिहावा. ‘ऊती’ स्त्रीलिंगी आणि ‘ऊतक’ नपुंसकलिंगी असल्याने ‘ती दृढ ऊती’, पण ‘ते दृढोतक’.

खरा प्रश्न ‘मृदु’ आणि ‘मूल’ यांचा आहे. या ऊतीतील पेशी जिवंत व पातळ भित्तीच्या असतात आणि बटाट्यात पिष्ट साठवतात ते याच पेशींत. ‘मूल’ म्हणजे पायाभूत हे खरे, परंतु ऐकणाऱ्याला ते झाडाचे मूळ वाटण्याचा संभव आहे, म्हणून मला ‘मृदूतक’ अधिक नेमके वाटते. ‘स्थूलकोन’ हा शब्द तर फार सुरेख घडवलेला आहे: या जिवंत पेशींच्या भित्ती कोपऱ्यांशी जाड असतात आणि त्यामुळेच पानाचा देठ वाऱ्याने वाकतो, पण सहसा मोडत नाही. दृढोतकातील पेशी पक्व झाल्यावर बहुधा मृत असतात, त्यांच्या जाड भित्तींत लिग्निन हे कठीण द्रव्य साठलेले असते आणि झाडाला कणखरपणा येतो तो त्यांच्यामुळे. नारळाचा काथ्या व करवंटी ही त्याचीच रूपे, आणि पेरूचा गर खाताना दाताखाली जो रवाळपणा लागतो, तोही दृढोतकाच्या अश्मपेशींचा, म्हणजे दगडासारख्या कठीण पेशींचा.

असाच नावांचा फरक झाडात पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीचाही आहे: ‘प्रकाष्ठ’ला पाठ्यपुस्तकात ‘जलवाहिनी’ म्हणतात. हा शब्द सोपा आहे, पण अपुरा आहे. कारण प्रकाष्ठात पाणी वाहून नेणाऱ्या पेशींखेरीज आधार देणारे तंतू आणि अन्न साठवणाऱ्या मृदूतकाच्या पेशीही असतात.