मैदानाचं आरक्षण उठवून टॉवर येणार आहेत, हरकत घेऊन काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की कॉलनीशेजारच्या खेळाच्या मैदानाचं आरक्षण काढून जागा रहिवासी झोनमध्ये टाकायचा प्रस्ताव आलाय, पेपरात महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या कलम ३७ ची नोटीस छापून आलीय, हरकती द्यायला महिना आहे, आणि कॉलनीत दोन गट पडलेत. एक गट म्हणतो लढायचं, दुसरा म्हणतो सगळं वरून ठरलेलं असतं, उगाच वेळ कशाला घालवायचा. आणि तिसरं तुम्ही जाता जाता लिहिलंय, की त्या जागेचा मालक तुमच्याच गल्लीतला आहे आणि आता त्याच्याशी कोणी बोलत नाही.

उपयोग होतो. पण कशी हरकत घेता त्याच्यावर सगळं आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या केसमध्ये महत्त्वाचं ते तिसरंच आहे, म्हणून त्याच्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

आधी हरकतीचं सांगते. आमच्या गावच्या सुधारित डीपीच्या, म्हणजे विकास आराखड्याच्या (कायद्यातलं नाव विकास योजना), सुनावण्या नाट्यगृहात झाल्या होत्या, आमच्या भागातर्फे मी गेले होते. बहुतेक लोकांकडे एकाच मजकुराची झेरॉक्स, खाली फक्त नाव आणि सही, "सदर आरक्षणास आमचा तीव्र विरोध आहे". अधिकारी पुकारायचे, अमुक नंबर ते अमुक नंबर, विषय एकच आहे ना, कोणीतरी एकाने बोला. दोन मिनिटांत शे-दीडशे हरकती संपायच्या. मग एक म्हातारे गृहस्थ उठले, धोतर-टोपी, हातात मोजणीचा नकाशा आणि सात-बारा, आणि म्हणाले साहेब तुमचा हा १२ मीटरचा रस्ता माझ्या विहिरीवरून जातोय, ही बघा विहीर, तुमच्या नकाशात ती दाखवलेलीच नाही. साहेबांनी खुर्ची सोडली, सर्व्हेअरला बोलावलं, आणि ते तिघं बराच वेळ त्या कागदावर वाकून उभे होते. कोणी आवाज चढवला नाही की घोषणा दिल्या नाहीत. सुनावणीत काय चालतं ते मला तिथे बघून कळलं. तिथे हात मोजत नाहीत, कागदावरची चूक किंवा कागदावरचा पर्याय दाखवला तर माणूस थांबून बघतो.

म्हणजे संख्येला काहीच किंमत नाही असं नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा डीपी २०१३ मध्ये जाहीर झाला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, त्या ऐकून नियोजन समितीतच एकमत झालं नाही, शेवटी २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा स्वतःच्या ताब्यात घेतला आणि मंजुरी मिळायला २०१७ उजाडलं. मुंबईत तर फेब्रुवारी २०१५ चा मसुदा इतक्या चुकांचा निघाला, जुन्या वास्तूंवरून रस्ते, देवळं-चर्च गायब, की लोकांनी रान उठवल्यावर मुख्यमंत्री फडणवीसांनी एप्रिलमध्ये तो परत नव्याने करायला लावला आणि अंतिम आराखडा आला २०१८ मध्ये. तेव्हा "काही होत नसतं" हे जे म्हणतात त्यांना या दोन्ही गोष्टी सांगा. पण ते अख्ख्या शहराचे आराखडे होते. तुमचा एका प्लॉटचा फेरबदल आहे, पेपरवाले तुमच्यामागे येणार नाहीत, त्यामुळे तुमचा कागदच पक्का हवा.

कागद पक्का म्हणजे काय, तर नोटिशीतला सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक टाकून हरकत द्या, नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढून जोडा. सर्वसाधारण सभेचा किंवा प्रशासकाचा जो ठराव झालाय त्याची प्रत मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात टाका, पण त्याचं उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात आणि तुमच्याकडे महिनाच आहे म्हणून हरकत आधी देऊन टाका, ठराव मिळाल्यावर पुरवणी द्या. आवक नंबरचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आणि "मला समक्ष सुनावणी हवी" हे वाक्य हरकतीत लिहा, लोक नेमके हेच विसरतात.

मुद्दा कोणता मांडायचा? कलम ३७ हे किरकोळ फेरबदलासाठी आहे, विकास योजनेचं स्वरूपच बदलेल असा फेरबदल त्याखाली करता येत नाही, कायद्यातच तसं आहे. तुमच्या भागात दुसरं मैदान किती लांब आहे, तिथे पोरं पायी जाऊ शकतात का, मधे हायवे येतो का, त्या आरक्षणाच्या भरवशावर आजूबाजूला किती इमारती उभ्या राहिल्या, हे सगळं नकाशावर दाखवा. एकच मैदान असेल आणि तेच जात असेल तर हा किरकोळ बदल कसा, हे विचारा. रहिवाशांना बोलायचा अधिकार काय असं कोणी म्हणालं तर बंगळुरू मेडिकल ट्रस्टचा सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा निकाल आहे, बागेसाठी ठेवलेली जागा खासगी हॉस्पिटलला दिली होती, आसपास राहणारे लोक कोर्टात गेले, आणि कोर्टाने त्यांचा अधिकार मान्य करून ती जागा देणं रद्द ठरवलं.

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय म्हणालात की पर्यावरणाची जनसुनावणी होईल तेव्हा बघून घेऊ. त्याची वाट बघत बसू नका. २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते हे खरं, पण २००६ च्या अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे. खाणी, कारखाने यांच्यासाठी कलेक्टरच्या समोर होते तशी सुनावणी टॉवरसाठी होत नाही. तुमच्यासाठी हा महिनाच आहे, हे मला फार अन्यायाचं वाटतं, कारण चारशे कुटुंबं राहायला येणार, पाणी-ड्रेनेज-रस्ता सगळ्यावर ताण येणार आणि शेजारच्यांना विचारणार कधी तर पेपरच्या आतल्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या नोटिशीतून.

बिल्डरचा माणूस बैठकीत सांगतो ना की आम्ही १० टक्के ओपन स्पेस ठेवतोय, गार्डन देतोय, तर ती मेहेरबानी नाही, ४ हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागेत ती नियमाने ठेवावीच लागते. शिवाय ती त्या स्कीममध्ये राहणाऱ्यांसाठी असते, गेटवरचा वॉचमन तुमच्या पोरांना आत सोडणार नाही. मैदानाचा पर्याय म्हणून ती मोजू नका.

आता मालकाचं. त्याच्या बाजूने एकदा बघा, मनापासून सांगते. आजोबांची जमीन, कधीतरी एका डीपीत तिच्यावर खेळाच्या मैदानाचा हिरवा रंग पडला, तेव्हापासून ना धड किंमत येते, ना बांधता येते, ना पालिका पैसे देऊन ताब्यात घेते. पोरं मोठी झाली, वाटण्या अडल्या, लग्नं-आजारपणं निघाली, आणि समोरच्या जमिनीवाल्यांचे बंगले झाले. पंचवीस-तीस वर्षं कॉलनीने त्या जागेवर फुकट क्रिकेट खेळलं, नवरात्र केलं, गाड्या लावल्या, आणि त्याने कधी कुंपण घातलं नाही. तो माणूस आज बिल्डरकडे गेला तर त्याला गद्दार म्हणणं बरोबर नाही. मैदान सगळ्या गावाला हवंय तर त्याची किंमत एकाच घराने का भरायची?

आणि हा नुसता भावनेचा विषय नाही, कायद्यातही त्याची वाट आहे. अंतिम विकास योजना लागू होऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक त्याच कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं. तेव्हा कोणी तुम्हाला हरकती विचारणार नाही. म्हणून आधी नगररचना विभागात चौकशी करा की १२७ ची नोटीस पडलीय का. पडली असेल आणि तुम्ही कलम ३७ ची लढाई जिंकलात तरी दोन वर्षांनी मैदान जाऊ शकतं, कारण पालिकेकडे घ्यायला पैसे नाहीत. खरी चूक तिथे आहे, इतकी वर्षं बजेटमध्ये तरतूद केली नाही तिथे, आणि तुमच्या हरकतीत सगळ्यात ठळक प्रश्न हाच हवा, की संपादनासाठी आजवर काय केलं, तारीखवार सांगा.

पुण्यात टेकड्यांचं असंच झालं. पालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण राहावं म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडले, आरक्षण राहिलंही, पण मालकांना ८ टक्के टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मोबदला ठरला, तो त्यांना अगदीच तुटपुंजा वाटतो आणि मग टेकड्यांवर गुपचूप बांधकामं होत राहतात. टेकडी वाचवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, त्यांच्यामुळे पुण्यात श्वास घ्यायला जागा आहे, पण मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत राहिला की कागदावर जिंकलेली जागा जमिनीवर हातातून जाते.

म्हणून सुनावणीच्या आधी, पाच-पन्नास जण नाही, तुमच्यातले दोन-तीन समजूतदार लोक, त्यात एखादी काकू असेल तर उत्तम, त्यांच्या घरी जा. ग्रुपवर नको, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर अजिबात नको. विचारा तुम्हाला नक्की काय हवंय. पैसे हवेत, की पोरासाठी फ्लॅट हवाय, की फक्त अडकलेलं मोकळं करायचंय. समावेशक आरक्षण म्हणून तरतूद असते, मालकाने जागेच्या काही भागावर बांधायचं आणि बाकीची जागा मैदान म्हणून पालिकेच्या ताब्यात द्यायची. टीडीआर आहे. किती भाग, किती टीडीआर हे तुमच्या पालिकेच्या नियमावलीत बघून एखाद्या ओळखीच्या आर्किटेक्टकडून आकडा काढून घ्या आणि तो आकडा घेऊनच जा, कारण रिकाम्या हाताने गेलात तर ती फक्त विनवणी होते आणि त्यांनी ती आजवर पुष्कळ ऐकलीय.

हे जमलं तर तुमची हरकत वेगळीच होते. "विरोध आहे" याच्या जागी "रहिवासी आणि जमीनमालक यांचा संयुक्त पर्याय" असा कागद जातो, त्याला नकाशा जोडलेला असतो, आणि सुनावणी घेणाऱ्याला तो बाजूला टाकणं जड जातं कारण निर्णय शेवटी सरकारकडे जाताना त्याला त्या पर्यायावर अभिप्राय लिहावाच लागतो. नाही जमलं, मालकाने बिल्डरशी करारच करून टाकलेला असेल, तरी गेल्याचं नुकसान नाही, उद्या टॉवर झाले तरी त्यांच्याच गल्लीत राहायचंय तुम्हाला.

आणि हो, त्या टॉवरमध्ये जे राहायला येतील ते पण घर शोधत फिरणारे आपल्यासारखेच लोक आहेत, "बाहेरचे येऊन घाण करतील" असलं वाक्य हरकतीत कोणाला लिहू देऊ नका. तुमच्या ग्रुपवरचा जो मेसेज तुम्ही टाकलाय त्यात ते आहे, ते काढा. भांडण मैदानासाठी आहे, घरांच्या विरोधात नाही, आणि ते कागदावर स्पष्ट दिसलं पाहिजे.

नोटिशीवरची तारीख नीट बघा, महिना तिथून धरतात, तुम्हाला कळल्याच्या दिवसापासून नाही. मसुदा तयार झाला की मला दाखवा, वाचून सांगते.