तेव्हा मी नालायक होतो की आता खडूस झालोय?

ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं पोट धरून हसलो ती आता बघवत नाही, असं सांगणारे लोक हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला बरेच यायला लागलेत. कुणाला हास्यकवितेतले बायकोवरचे विनोद खपेनासे झालेत, कुणाला हॉस्टेलच्या मित्रांचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडवत नाही, एका ताईंनी लग्नाच्या आधीपासून आवडणारा कॉमेडी शो हौसेने परत लावला आणि थोड्याच वेळात रिमोट शोधायला लागल्या. तक्रार वेगवेगळी असते पण जरा खरवडलं की खाली प्रश्न एकच, तेव्हा मी नालायक होतो की आता खडूस झालोय? म्हणून आज एक केस लिहितेय. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोनतीन जणांचं एकत्र केलंय, आणि बऱ्याच सेशन्सचं बोलणं चार संवादांत बसवलंय, तेव्हा हे सगळं असं पटापट झालं असं समजू नका.

चाळिशीतला इंजिनिअर. मूळचा सांगलीकडचा, बरीच वर्षं अमेरिकेत सिॲटलजवळ रेडमंडला नोकरी, आता सहकुटुंब पुण्यात. बायकोने पाठवलेला (निम्मे नवरे असेच येतात, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे). झालं काय होतं, तर मुलाने माळ्यावरच्या बॅगेतून बाबांचा जुना टी-शर्ट काढला आणि त्यावरचं वाचून विचारलं, याचा अर्थ काय? हा एवढा भडकला की मुलगा रडायला लागला. मग दोन आठवडे हा घरात कुणाशी धड बोलेना, रात्री लॅपटॉपवर काहीतरी जुनं जुनं वाचत बसायचा.

ते जुनं म्हणजे पेनी आर्केड. मला गेमिंगमधलं ओ की ठो कळत नाही, त्यानेच समजावलं. १९९८ साली सुरू झालेलं वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा, सोमवार बुधवार शुक्रवार नवीन स्ट्रिप, दोन मित्र गेब आणि टायको, गेम खेळतात आणि एकमेकांना आणि गेम कंपन्यांना शिव्या घालतात. माइक क्रॅहुलिक चित्रं काढतो, जेरी होल्किन्स लिहितो. वाचणारे इतके वाढले की २००३ मध्ये त्यांनी चाइल्ड्स प्ले नावाचं काम सुरू केलं, हॉस्पिटलमधल्या आजारी मुलांना खेळणी आणि गेम्स द्यायचे. आणि २००४ पासून पॅक्स, म्हणजे गेमर लोकांची जत्राच, आधी सिॲटलशेजारच्या बेलव्ह्यूला आणि मग सिॲटलच्या मोठ्या कन्व्हेन्शन सेंटरला. हा माणूस तिथे दरवर्षी जायचा, चाइल्ड्स प्लेला पैसेही द्यायचा.

मग ऑगस्ट २०१० ची एक स्ट्रिप. ऑनलाइन गेममध्ये नायकाला काम दिलेलं असतं, पाच गुलाम सोडव. तो पाच सोडवतो आणि चालू पडतो. सहावा हातापाया पडतो, सांगतो की इथे आमच्यावर रोज रात्री बलात्कार होतात, कोण करतं तर काही लांडगे, त्यांचं नाव अश्लील आहे, इथे लिहीत नाही. नायक म्हणतो, माझे पाच झाले. वाचकांपैकी काहींनी, ज्यात स्वतः हे भोगलेल्या बायकाही होत्या, सांगितलं की हे बोचतं. त्यावर कॉमिकवाल्यांनी आणखी एक स्ट्रिप काढून बोलणाऱ्यांचीच टर उडवली, आणि वर त्या लांडग्यांच्या नावाने ‘टीम’ लिहिलेले टी-शर्ट विकायला काढले. पुढच्या वर्षी ते बंद केले. पण आमच्या माणसाने तोवर एक घेतला होता.

पहिल्या भेटीत तो एकच वाक्य घोळवत होता.

"मॅडम, मी पैसे देऊन घेतला तो."

"फुकट मिळाला असता तर चाललं असतं?"

जरा हसला. हसू आलं की मला बरं वाटतं, काम होईल असं वाटतं. मी म्हटलं, "तू गुन्हा सांगायला आलायस का शिक्षा मागायला? शिक्षा माझ्याकडे मिळत नाही."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसला मानणारी, त्याच्या विवेकनिष्ठ विचारांत वाढलेली, त्यामुळे माणसाला एकगठ्ठा मार्क देणं मला मान्यच नाही. टी-शर्ट घेतला, ती कृती नापास करायची तर करा, खुशाल करा. पण त्यावरून आख्खा माणूस नापास, हे गणित कुठून आणलं? आपल्याकडे ही खोड फार आहे, एक चूक सापडली की माणूस स्वतःची मागची सगळी वर्षं खोडून टाकतो, आणि त्याला वाटतं हा प्रामाणिकपणा आहे. मी म्हणेन हा आळस आहे. कारण "मी वाईटच होतो" म्हटलं की नेमकं काय वाईट होतं ते शोधायची कटकट वाचते.

म्हणून शोधायला लावलं. ती स्ट्रिप त्याने मला फोनवर उघडून दाखवली, मी म्हटलं एकेक चौकट मला समजावून सांग, मी अडाणी आहे असं समज. (होतेच.) तो सांगायला लागला, की असल्या गेममध्ये कसं पाच म्हणजे पाचच, समोर सगळं गाव जळत असलं तरी खेळणाऱ्याला फक्त आकडा दिसतो, आणि सांगता सांगता तो पुन्हा हसला आणि एकदम गप्प झाला.

"बघा, अजून हसतोय मी."

"कशावर हसलास?"

"त्या पाचच्या आकड्यावर. गेमच्या मूर्खपणावर."

"आणि ते चूक आहे?"

"नाही... तो जोक खरंच चांगला आहे. त्यासाठी बलात्कार आणायची गरज नव्हती, पण जोक गेमवर आहे."

"मग बिघडलं कधी?"

बराच वेळ विचार केला त्याने. म्हणाला, "टी-शर्टला. तो जोक गेमवर नव्हता, तो त्या बायकांवर होता."

हे त्याचं त्याने काढलं, मी सांगितलं असतं तर मान हलवून घरी गेला असता. विनोद आंबतो तो बहुतेक वेळा असाच, शब्द तेच राहतात, निशाणा सरकतो. आधी जो वरच्याला बोचायचा तोच आता खालच्याला टोचायला लागतो, आणि आपण सवयीने हसत राहतो कारण आवाज ओळखीचा असतो. तेव्हा तुम्हालाही असा काही विनोद छळत असेल तर आधी एवढंच बघा की कोण कुणावर हसत होतं, आणि ते कधी बदललं. "आवडायचं" आणि "आवडत नाही" एवढं म्हणून काही हाती लागत नाही.

पण गिल्ट काही जाईना. समजलं सगळं, पटलं सगळं, तरी रात्री लॅपटॉप चालूच. तेव्हा मी कॉमिक बाजूला ठेवलं आणि विचारलं की तुला हे दाखवलं कुणी?

मग निघाली रेडमंडची गोष्ट. नवीन नोकरी, मराठी तर सोडाच टीममध्ये कुणी भारतीयही नाही, लंचला सगळे एका टेबलावर आणि सोमवारच्या स्ट्रिपवरून हशा. याला कळायचंच नाही. मग एका वीकेंडला याने बसून जुन्या स्ट्रिप्स वाचून काढल्या, अक्षरशः परीक्षेसारख्या, संदर्भ शोधून शोधून. "तरी मॅडम, सगळे हसले की मी जरा उशिराच हसायचो. आधी बघायचो कुणीकडे बघून हसतायत, मग हसायचो." पुढे याच लोकांनी त्याला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या गिल्डमध्ये घेतलं, म्हणजे गेममधली आपली टोळी, शुक्रवारी रात्री एकत्र खेळायचं, बाळाच्या वेळी बायकोला दवाखान्यात नेलं तेसुद्धा यांच्यातल्याच एकाने. परदेशात एकटं राहिलेल्यांना यातलं काही समजावून सांगायला नको.

आणि मग २०१३ चं पॅक्स. स्टेजवर दोघे कॉमिकवाले, गप्पा चालल्यात, आणि क्रॅहुलिक म्हणाला की ते टी-शर्ट वगैरे विकणं बंद केलं ही चूक झाली. हॉलमध्ये टाळ्या. (नंतर त्याने लिहून माफी मागितली, पण ते नंतर.) हा त्या हॉलमध्ये बसलेला.

"तू काय केलंस?"

"वाजवल्या ना टाळ्या. तेच तर."

"लगेच?"

"म्हणजे?"

"सगळ्यांबरोबर वाजवल्यास, की जरा उशिरा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग सावकाश म्हणाला, "उशिरा. आधी बाजूला बघितलं. शेजारचा वाजवत होता. मग."

खरं सांगते, त्या दिवशी मी स्वतःवर भलती खूश होते. हा प्रश्न पुस्तकात नसतो, समोरच्याचं महिनाभर नीट ऐकलं की सुचतो. लंच टेबलावरचा उशीर त्याने सहज सांगितला होता, त्याला वाटलं होतं ती भाषेची अडचण आहे. तेव्हा होतीही. पण हॉलमध्ये भाषेची अडचण नव्हती, तोवर इंग्लिश त्याचं फर्डं झालं होतं, तिथे जो उशीर झाला तो दुसऱ्याच कशाचा होता. त्याला आतून कळलं होतं की हे बरोबर नाही. आणि त्याच वेळी हेही कळलं होतं की हात नाही हलले तर मी या टेबलावरचा राहणार नाही.

तो रडला. मी त्याला रडू दिलं, पाणी पुढे सरकवलं आणि गप्प बसले. शांत झाल्यावर म्हणाला, "म्हणजे मला कळत होतं."

"कळत होतं."

"हे बरं की वाईट?"

"दोन्ही. टाळ्या वाजवल्यास, ते तुझ्या नावावर राहील. पण तू खडूस आत्ता झालेला नाहीस, तो खडूस तेव्हापासून तुझ्यात होता, तू त्याला बोलू देत नव्हतास."

यावर मात्र मोठ्याने हसला, आणि अजिबात उशीर न करता.

इथून पुढचं सोपं नसलं तरी सरळ होतं. कॉमिक वाचायचं की नाही, हा प्रश्न त्याला फार मोठा वाटत होता, मी म्हटलं त्यावर निकाल देऊ नकोस, बुधवारी उघडावंसं वाटलं तर उघड, नाही वाटलं तर नको. आपोआप सुटलं. लोक अशा वेळी जाहीर घोषणा करतात, ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकतात की मी यापुढे असले विनोद सहन करणार नाही, त्यातला निम्मा राग स्वतःवरचा असतो आणि तो बिचाऱ्या मित्रांवर निघतो. जे तुम्हाला कळायला दहा वर्षं लागली ते त्यांना एका मेसेजमध्ये कळावं ही अपेक्षा जरा जास्तच नाही का? "मला यात मजा नाही येत आता" एवढं पुरतं. त्यावर कुणी टिंगल केली तर पुन्हा एकदा तेवढंच म्हणा. आणि त्या काळात जे चांगलं झालं ते परत करत बसू नका. हॉस्पिटलमधल्या ज्या मुलाला याच्या पैशातून खेळणं मिळालं ते काही टी-शर्टमुळे खोटं होत नाही, शुक्रवारच्या रात्रीही खोट्या होत नाहीत.

मुलाशी बोलायचं त्याला सगळ्यात अवघड वाटत होतं. भाषण तयार करून आणलं होतं, मी ते बाजूला ठेवायला लावलं. तेरा वर्षांच्या मुलाला भाषण ऐकू येत नाही. शेवटी त्याने एवढंच सांगितलं की यात काही लोकांची, ज्यांच्यावर फार वाईट प्रसंग आला होता, त्यांची चेष्टा होती, मला मित्रांबरोबर राहायचं होतं म्हणून मी घेतला, आणि त्या दिवशी तुझ्यावर ओरडलो ते मला लाज वाटली म्हणून. मुलाने विचारलं, मग मित्र अजून आहेत का? म्हणाला, दोघं आहेत.

राहता राहिली गिल्डमधली एक बाई. हा टी-शर्ट घालून एकांच्या घरी जेवायला गेला होता, तिथे ती होती, काही बोलली नाही, आणि काही आठवड्यांनी तिने गिल्ड सोडलं. माझ्यामुळेच गेली, हे याने पक्कं धरून ठेवलेलं. तिला माफीचा मेल लिहायचा होता. मसुदा आणला, पानभर. मी पेन घेऊन त्यातला प्रत्येक "मी" अधोरेखित केला आणि कागद परत दिला, बोलले काहीच नाही. पुढच्या वेळी तीन ओळी उरल्या होत्या. मी विचारलं, उत्तर नाही आलं तर चालेल? म्हणाला, चालेल. तेव्हा पाठव म्हटलं.

उत्तर आलं, बरंच उशिरा आणि दोनच वाक्यांचं. टी-शर्ट आठवतो, वाईट वाटलं होतं, लिहिलंस ते बरं केलंस. गिल्ड सोडलं ते मात्र वडील आजारी होते म्हणून.

मला वाचून दाखवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच...?"

"उगाच कसं? टी-शर्ट तिला आठवला की."