ख्रिस्ती-ज्यू मैत्रीच्या संस्थांचे पुढारी खरंच काही करतात की नुसते फोटोपुरते एकत्र येतात?

तुमचा प्रश्न असा आहे की ब्रिटन-अमेरिकेत ख्रिस्ती आणि ज्यू यांच्यात मैत्री व्हावी म्हणून धर्मादाय संस्था आहेत, वरच्या पदांवर आर्चबिशप आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, बसलेले दिसतात. ही माणसं काही काम करतात की नुसती शोभेला असतात?

शोभेलाही असतात, ते आधीच कबूल करतो. हस्तांदोलनाचे फोटो मीही पुष्कळ पाहिलेत. पण यातल्या काही जणांनी जी बोलणी खाल्ली ती बघितली की माझं मत बदलतं. आणि गंमत म्हणजे ती बोलणी समोरच्या धर्माच्या लोकांकडून फारशी आली नाहीत. आपल्याच माणसांकडून आली.

मी याच्या नादी का लागलो ते आधी सांगतो. आम्ही मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेले. माझं लहानपण मात्र पुण्यात, रास्ता पेठेतल्या एका वाड्यात गेलं. समोरच्या दोन खोल्यांत एक बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंब राहायचं. मावशी नऊवारी नेसायच्या, मराठी आमच्यासारखीच, आडनाव 'कर'मध्ये संपणारं. शुक्रवारी संध्याकाळी टांगत्या काचेच्या दिव्यात तेल घालून वात लावायच्या आणि शनिवारी चूल पेटायची नाही. "मशिदीत जाऊन येते गं," असं आईला सांगून निघायच्या. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला, म्हणजे आपल्या प्रार्थनागृहाला, मशीदच म्हणत, मुंबईच्या मस्जिद स्टेशनाच्या नावातली मशीदही त्यांचीच आहे असं सांगतात. मला अर्थातच वाटायचं की मावशी मुसलमान आहेत.

इकडे संडे स्कूलमध्ये आम्हाला 'यहूदी' (म्हणजे ज्यूच) हा शब्द वर्षातून एकदा, उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, सुमारास ऐकू यायचा. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात 'यहूदी ओरडून म्हणाले' हे इतक्या वेळा येतं की यहूदी म्हणजे कोणीतरी दाढीवाले, डोळे वटारलेले लोक, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं. सात-आठ वर्षांचा असेन. मावशींना विचारलं, "मावशी, तुम्ही यहूदी पाहिलाय का कधी?"

त्या पोह्यात नारळ खवत होत्या, मलिद्यासाठी. खवणीवरून हात न काढता म्हणाल्या, "रोज बघते की. वेणी घालताना, आरशात."

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी पळत घरी आलो. पुढे ताट भरून मलिदा आला, वर केळ्याचे काप आणि वेलदोड्याचा वास. आईने तो नेहमीसारखाच घेतला, पण तिचा चेहरा उतरलेला मला आठवतो.

आता मूळ मुद्द्याकडे. या क्षेत्रातली ब्रिटनमधली जुनी संस्था म्हणजे कौन्सिल ऑफ ख्रिश्चन्स अँड ज्यूज. स्थापना १९४२ ची. साल नीट बघा. युरोपात ज्यूंची कत्तल चालू होती आणि त्याच्या बातम्या लंडनला पोचत होत्या. पुढाकार घेणाऱ्यांत दोन मोठी नावं : त्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशप झालेले विल्यम टेम्पल आणि ब्रिटनचे प्रमुख रब्बी जोसेफ हर्ट्झ. टेम्पल यांनी मार्च १९४३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सरकारला सरळ सुनावलं की ज्यूंना वाचवण्यात चालढकल चाललीय, आणि आपण इतिहासाच्या, माणुसकीच्या आणि देवाच्या कोर्टात उभे आहोत. सरकारी धर्मपीठाचा प्रमुख युद्ध ऐन भरात असताना आपल्याच सरकारला असं बोलतो, ही साधी गोष्ट नव्हे. त्यातून फार काही हाती लागलं नाही, हेही खरं. पुढच्याच वर्षी टेम्पल वारले.

हर्ट्झ यांची अडचण वेगळी होती. ते परंपरानिष्ठ. मैत्रीला त्यांची ना नव्हती, पण मैत्रीच्या वाटेने आपल्या पोरांचा धर्म पातळ व्हायला नको, ही धास्ती त्यांच्या समाजात खोल होती आणि तिला कारणंही होती. शेकडो वर्षं ख्रिस्ती माणूस ज्यूच्या दारात गोड बोलत आला की पाठोपाठ बाप्तिस्म्याची, म्हणजे ख्रिस्ती करून घेण्याची, गोष्ट निघायची. मैत्री हवी तर ती बाप्तिस्म्याची शिडी असता कामा नये, ही खरी अट. माझ्या मते या सगळ्या संस्थांची कसोटी त्याच एका वाक्यात आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईला आले. बेने इस्राएल लोकांची त्यांना ओढ होती. त्यांनी त्यांना हिब्रू शिकवली, मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, शाळा काढल्या. हेतू उघड होता, ही मंडळी ख्रिस्ती व्हावीत. झालं उलटंच. ख्रिस्ती फार थोडे झाले, आणि हिब्रू वाचता यायला लागल्यावर बाकीचे पूर्वीपेक्षा पक्के ज्यू झाले. विल्सन यांचे उपकार बेने इस्राएल लोक आजही मानतात. पण ती विद्येची देवघेव होती. तिला मैत्री म्हणायला माझी जीभ वळत नाही, कारण एका बाजूच्या पोटात दुसरंच काही होतं.

म्हणून मला या साऱ्या मंडळींत जेम्स पार्क्स सगळ्यात मोठे वाटतात, जरी त्यांना आर्चबिशपासारखं पद कधी मिळालं नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, धर्मगुरू, १८९६ मध्ये गर्न्सी बेटावर जन्मलेले. जिनिव्हात विद्यार्थ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करताना त्यांनी युरोपातल्या विद्यापीठांतला ज्यूद्वेष जवळून पाहिला आणि तो कुठून येतो याचा माग काढायला लागले. माग काढत काढत स्वतःच्याच चर्चच्या दारात येऊन पोचले. ज्यूद्वेषाचं मूळ चर्चच्या शिकवणीत आहे, हे त्यांनी १९३० च्या दशकातच लिहून ठेवलं. १९३५ मध्ये नाझींनी त्यांना मारायचा प्रयत्न केला, त्यात मार बसला त्यांच्या नोकराला. पार्क्स तिथेच थांबले नाहीत. ज्यूंना ख्रिस्ती करण्याचा उद्योगच बंद करा, त्यांचा धर्म त्यांच्यापुरता जिवंत आहे, असं ते म्हणू लागले. चर्चमध्ये हे अनेकांना अजिबात रुचलं नाही. मग हे गृहस्थ हर्टफर्डशरमधल्या बार्ली नावाच्या खेड्यात पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसून लिहीत राहिले. तो ढिगारा १९६४ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाला गेला आणि आज तिथे अभ्यासक येतात.

रोजची हमाली मात्र डब्ल्यू. डब्ल्यू. सिम्पसन या मेथडिस्ट पाळकांनी केली. १९४२ पासून १९७४ पर्यंत ते संस्थेचे सचिव होते. बत्तीस वर्षं पत्रं लिहायची, शाखा काढायच्या, कोणी रुसलं तर समजूत घालायची. आणि रुसवे झाले. १९५४ मध्ये व्हॅटिकनच्या सूचनेवरून कॅथलिक मंडळी संस्थेतून बाहेर पडली, इंग्लंडमधल्या कॅथलिकांचे प्रमुख कार्डिनल ग्रिफिन यांनी संस्थेतलं पद सोडलं. भीती अशी की सगळ्यांबरोबर बसायला लागलं की 'सगळे धर्म सारखेच' असं लोकांना वाटेल. साठच्या दशकात कॅथलिक परत आले.

ते परत येण्याआधी जे घडलं त्यात ज्यूल इझाक या फ्रेंच माणसाचा मोठा वाटा. इतिहासाची शालेय पुस्तकं लिहिणारा, फ्रान्सभर पोरांना माहीत असलेला शिक्षक. ज्यू म्हणून नोकरी गेली. बायको आणि मुलगी पकडल्या गेल्या आणि ऑशविट्झच्या नाझी छावणीत मारल्या गेल्या. या माणसाने त्यानंतर काय करावं? सूड नाही, संन्यास नाही. ख्रिस्ती शिकवणीत नेमक्या कोणत्या वाक्यांतून विष झिरपतं याची यादी केली. १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झेलिसबर्ग गावी ज्यू आणि ख्रिस्ती परिषद भरली, तिथे त्या यादीच्या आधाराने दहा मुद्दे ठरले. येशू ज्यू आईच्या पोटी जन्मला हे विसरू नका, पहिले शिष्य ज्यू होते हे विसरू नका. आणि एक मुद्दा असा की 'ज्यू' हा शब्द 'येशूचे शत्रू' या एकाच अर्थाने वापरू नका.

हा मुद्दा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पन्नाशी उलटली होती. नारळ खवणाऱ्या मावशी डोळ्यांपुढे आल्या.

इझाक १९६० मध्ये पोप तेविसावे जॉन यांना जाऊन भेटले. त्याचं फळ म्हणजे २८ ऑक्टोबर १९६५ ची व्हॅटिकनची घोषणा : येशूच्या मरणाचा दोष सरसकट सगळ्या ज्यूंवर, तेव्हाच्या किंवा आताच्या, टाकता येत नाही. इझाक ते बघायला उरले नव्हते, १९६३ मध्येच गेले.

मुलीकडे लंडनला राहायला गेलो असताना अशा मैत्रीच्या एका स्थानिक बैठकीला गेलो होतो. वीसेक खुर्च्या, बहुतेक माणसं माझ्याच वयाची, टेबलावर कोशेर, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांत बसणारी, असा छाप बघून आणलेली बिस्किटं. त्या दिवशी बायबलातलं बावीसावं स्तोत्र वाचायला घेतलं होतं. आम्हाला ते उत्तम शुक्रवारमुळे पाठ : 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ज्यू परंपरेत तेच स्तोत्र एस्तेर राणीशी जोडलेलं. वाचता वाचता सोळाव्या ओवीशी गाडी अडली. आमच्या बायबलात 'त्यांनी माझे हातपाय विंधले', आणि आम्ही सगळे ते क्रुसाचं भाकीत म्हणून वाचतो. रब्बींनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या हिब्रू पाठात तिथे 'सिंहासारखे माझे हातपाय' आहे, विंधणं वगैरे काही नाही. व्हिकारबाई, म्हणजे तिथल्या अँग्लिकन पाळकबाई, म्हणाल्या, जुन्या ग्रीक भाषांतरात 'विंधले'च्या जवळचा शब्द आहे. रब्बी म्हणाले, भाषांतर हो. अर्धा तास जुंपली. एका अक्षराच्या शेपटीवरून, बरं का. ते लांब ओढलं की एक शब्द, आखूड ठेवलं की दुसरा.

शेवटी कोणीच मागे हटलं नाही. व्हिकारबाईंनी रब्बींना विचारलं, चहात दूध घालू का, आणि त्यांनी घड्याळाकडे बघून, जेवणात मांस किती वाजता खाल्लं होतं ते मोजून, नको म्हटलं, कारण मांसानंतर काही वेळ दूध चालत नाही. मला ती बैठक फार आवडली. 'आपण सगळे एकच' असं कोणीही एकदासुद्धा म्हटलं नाही.

पुढाऱ्यांबद्दल विचारलंय म्हणून आणखी दोघं. जॉर्ज केरी कँटरबरीचे आर्चबिशप असताना १९९२ मध्ये ज्यूंमध्ये धर्मप्रसार करणाऱ्या एका जुन्या अँग्लिकन संस्थेचं आश्रयदातेपद त्यांनी नाकारलं. दीडशे वर्षांत असं करणारे ते पहिलेच. आपल्या लोकांनी टीका केली. प्रमुख रब्बी जोनाथन सॅक्स यांच्या वाट्याला याची दुसरी बाजू आली. कोणत्याही एका धर्माकडे सगळं सत्य नाही, असा अर्थ निघेल असं काही त्यांनी २००२ च्या एका पुस्तकात लिहिलं. कडव्या रब्बींनी पाखंड म्हणून गदारोळ केला आणि पुढच्या आवृत्तीत सॅक्स यांना मजकूर बदलावा लागला. बदलला म्हणून त्यांना भित्रे म्हणणारे आहेत. मी म्हणणार नाही, त्यांना उद्या त्याच लोकांत उभं राहायचं होतं.

अमेरिकेतला प्रकार निराळा. तिथे रब्बी येखिएल एकस्टाइन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली इंटरनॅशनल फेलोशिप ऑफ ख्रिश्चन्स अँड ज्यूज आहे. तिथे चर्चा कमी, पैसा जास्त. इव्हॅन्जेलिकल, म्हणजे धर्मप्रसारावर भर देणारे, ख्रिस्ती लोक टीव्हीवरचं आवाहन बघून देणग्या पाठवतात. त्यातून गरीब ज्यू वृद्धांना अन्न, इस्रायलला स्थलांतर करणाऱ्यांची विमानं, बॉम्बपासून बचावाचे निवारे. इस्रायलमधल्या काही रब्बींनी बजावलं की मिशनरी हेतूचा वास असलेला हा पैसा घेऊ नका. एकस्टाइन आयुष्यभर उत्तर देत राहिले की धर्मांतराला इथे थारा नाही. २०१९ मध्ये ते गेले आणि मुलगी याएल अध्यक्ष झाली. वडिलांनंतर मुलगी, हे मला जरा आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांसारखं वाटतं. आणि या मैत्रीला इस्रायलच्या राजकारणाचा रंग गडद आहे, तो डोळ्याआड करता येत नाही. पण ज्या म्हातारीच्या घरी थंडीत सरपण पोचलं तिला या चर्चेत कितीसा रस असेल, असंही वाटतं.

तर फोटोत कोण कोणाच्या शेजारी उभं आहे ते सोडा. फोटो काढून घरी गेल्यावर त्याला घरचे काय म्हणाले, ते शोधा.

माझ्यापुरतं सांगायचं तर निवृत्तीनंतर मी नगरला आलो. आमच्या मंडळीत उत्तम शुक्रवारी योहानातला उतारा वाचायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. वाचायच्या आधी मी सांगतो की यात ज्यांना 'यहूदी' म्हटलंय त्यांत येशू धरलेला नाही असं समजू नका, मरियाही धरा, पेत्रही धरा. पहिल्या वर्षी दोन ज्येष्ठांनी बाहेर गाठून विचारलं, "शास्त्र वाचायचं सोडून हे काय?" एका बाईंनी नंतर बोलणंच टाकलं. यंदा पाळकसाहेबांनी आदल्या दिवशी फोन करून विचारलं, "गुरुजी, या खेपेलाही बोलणार का ते?"

म्हटलं, दोनच मिनिटं.