दहा माणसं, एकच न्हाणीघर

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि चार मुलं. संडास-बाथरूम एकत्र, तेही एकच. मुलांच्या बाबांची बुटीबोरीला जाणारी कंपनीची बस सव्वासहाला असते. माझी थोरली नववीत, मुलगा सातवीत, जावेची मुलगी पाचवीत. तिघांची व्हॅन पावणेसातला. जावेचा धाकटा दुसरीत, त्याची शाळा साडेनऊची. भाऊजींचं इतवारीतलं दुकान अकराला उघडतं, पण त्यांना आंघोळ-पूजा साडेसहाच्या आत उरकायची असते. रोज दारावर थापा आणि रडारड. थोरलीला वेळ लागतो म्हणून सगळे तिच्यावरच घसरतात. आता थंडी सुरू होईल. गॅस गिझर बसवला की आंघोळी भराभर होतील, असं मामाजी (माझे सासरे) म्हणतात. काय करू?
— एक गृहिणी, महाल

उत्तर : तुमच्या पत्रातल्या वेळा मी कागदावर मांडून पाहिल्या. पावणेसातच्या आत घराबाहेर पडणारी माणसं चारच आहेत. सासू-सासऱ्यांना पहाटे जाग येते, त्यांचं साडेपाचच्या आत आटपेल. धाकट्याचा तर प्रश्नच नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४ साली झाला. सगळ्याच शाळांनी तो मनावर घेतला असं नाही, पण तुमच्या घरी त्याचा फायदा मिळालेला दिसतो. तेव्हा त्या पोराला सहाला उठवून रांगेत उभं करू नका. राहिले भाऊजी. आंघोळीशिवाय पूजा नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण मुलं गेल्यावर सातला आत शिरले तरी आठच्या आत पूजा होते. हा विषय तुम्ही काढू नका, सासूबाईंना काढू द्या. वहिनीने सांगितलं तर मान-अपमान होईल, आईने सांगितलं तर होणार नाही.

आता मुलांचं. आंघोळ संध्याकाळवर ढकलता येते, संडास ढकलता येत नाही. मी शाळेत शिकवत होते, म्हणून हे कळकळीने सांगते. पहिल्या-दुसऱ्या तासाला बाकावर चुळबुळणारी, पोट धरून बसणारी मुलं मी वर्गात नेहमी पाहिली आहेत. विचारलं तर मान खाली. घरी नंबर लागला नाही आणि शाळेच्या संडासात जायची तयारी नाही. मग दुपारपर्यंत दाबून ठेवायचं. मळ आतड्यात जितका थांबेल तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं, तो कडक होतो, पुढच्या वेळी दुखतो आणि दुखेल या भीतीने मूल आणखी टाळतं. हे चक्र एकदा सुरू झालं की मोडायला फार जड जातं.

म्हणून उठल्याबरोबर मुलांना कोमट पाणी किंवा दूध द्या. पोटात काही गेलं की आतडी हलतात आणि थोड्या वेळात कळ येते. तेवढ्यात दात घासणं, केस विंचरणं बाहेरच होऊ द्या. मागच्या अंगणात किंवा गॅलरीत नळाशेजारी आरसा टांगा, ब्रश-पेस्टचा डबा तिथेच ठेवा. ब्रश तोंडात धरून न्हाणीघर अडवून बसण्याची सवय तुमच्याकडे कोणा मोठ्यालाही असेल, ती आधी मोडा. सातवीतला आणि पाचवीतली संध्याकाळी खेळून आल्यावर आंघोळ करतील, सकाळी हात-पाय-तोंड धुतलं की पुरे. 'बिनआंघोळीचं पोर शाळेत पाठवायचं का?' असं सासूबाई म्हणतील. त्यांना नागपूरच्या थंडीची आठवण करून द्या. २०१८च्या डिसेंबरअखेर इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता. असल्या गारठ्यात, अंधारात ओल्या अंगाने पळापळ करण्यापेक्षा संध्याकाळची निवांत आंघोळ केव्हाही बरी.

थोरलीबद्दल मात्र मला घरातल्या सगळ्यांना सांगायचं आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला वेळ लागतोच. पाळीच्या दिवसांत तर कपडे बदलणं, पॅड गुंडाळून ठेवणं, स्वतः नीट स्वच्छ होणं, हे सगळं त्या एका खोलीतच करायचं असतं. बाहेरून काका आणि भाऊ थापा मारत असताना ती ते कसं करेल? कुणाला सांगणार तरी काय? तिला साडेपाचचा, मुलांमधला पहिला नंबर द्या. आत झाकणाची छोटी बादली आणि जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवा. केस धुणं शनिवारी संध्याकाळी. आणि ती आत असताना दार वाजवायचं नाही, हे सासऱ्यांच्या तोंडून सगळ्यांना कळू द्या. लांब वेणी घालायला जाऊबाईंनी हात लावला तर पोरीची धावपळ आणखी वाचेल.

गॅस गिझर न्हाणीघरात मुळीच नको. तो जळताना आतली हवा वापरतो आणि हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. थंडीत आपण खिडकी लावून घेतो, एकामागून एक आंघोळी चालू राहतात आणि पुढच्या माणसाला आधीच्यांचा साठलेला वायू मिळतो. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, मग शुद्ध हरपणं. माणसं अशी दगावली आहेत. बसवायचाच असेल तर बाहेर, उघड्या गॅलरीत, आणि आत फक्त गरम पाण्याची नळी. त्यापेक्षा विजेचा १५ लिटरचा घ्या. २ किलोवॅटचा असेल तर वीसेक मिनिटांत पाणी तापतं, गार पाणी मिसळलं की दोन बादल्या सहज होतात. सकाळच्या आंघोळी कमी झाल्यावर तेवढा पुरतो.

दाराला कडी मात्र गरज पडली तर बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी बसवून घ्या. तशी कडी मिळते.