‘घटका भरली’ : भरते ते काय?

‘त्याची घटका भरली’ यात घटका म्हणजे वेळ, तर वेळ भरेल कशी? मूळ शब्द ‘घडा’ असावा का, असा प्रश्न आला आहे.

नाही. ‘पापाचा घडा भरला’ हा प्रयोग निराळा. घटकेत भरते ते खरेखुरे पाणी, आणि तेही तांब्याच्या वाटीत. हे घटिकापात्र. बुडाला बारीक भोक असलेली ही वाटी घंगाळातल्या पाण्यावर अलगद सोडतात. भोकातून पाणी आत चढते, वाटी खाली खाली जाते आणि काठ पाण्याला टेकला की एकदम बुडते. एक घटका झाली. वाटी काढून रिकामी करायची आणि लगेच परत सोडायची. अहोरात्रात ती ६० वेळा बुडावी, असे सूर्यसिद्धान्त या खगोलशास्त्राच्या जुन्या ग्रंथात सांगितले आहे. म्हणजे घटका २४ मिनिटांची.

भोक हाच सगळा जीव. लिटरभर पाण्याची वाटी २४ मिनिटांत भरायची तर सेकंदाला जेमतेम ०.७ मिलिलिटर पाणी आत यायला हवे. भोकात गाळ किंवा क्षार बसला की घटका लांबते, भोक झिजून मोठे झाले की आखूड होते. गार पाणी दाट, त्यात वाटी जरा उशिरा बुडते. जुन्या ग्रंथांत मापे नेमकी दिली आहेत : १० पळे तांबे, उंची ६ अंगुळे, रुंदी १२, आणि भोक पाडायला सव्वातीन माशांहून (मासा हे जुने वजन) किंचित जास्त सोन्याची ४ अंगुळे लांब सुई. भास्कराचार्यांना (सिद्धान्तशिरोमणी, ११५०) हा खटाटोप पटला नाही. वाटी कशीही असो, दिवसरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा आणि त्यावरून एका बुडण्याचा काळ काढा, असा त्यांचा मार्ग. मला तोच जास्त शास्त्रीय वाटतो. मापे तंतोतंत पाळली तरी भोकातला केसभर फरक सगळे बिघडवतो.

वर ‘पळे’ वजनासाठी आले आहे, ती छपाईची चूक नव्हे. पळ हे आधी वजन. वाटीत ६० पळे पाणी मावे, म्हणून घटकेचे ६० भागही पळेच झाले. एक पळ २४ सेकंदांचे, त्याचा साठावा भाग विपळ, ०.४ सेकंदाचे. ‘पळ’ म्हणजे सेकंद असे धरून जुनी पंचांगे वाचली तर गणित २४ पटींनी चुकते.

‘तास’ही भांड्यांतलाच. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ धातूचे पात्र. मराठीत टोल द्यायच्या थाळीला तास म्हणत. म्हणून तास ‘वाजतो’, आणि घटका ‘भरते’ किंवा ‘बुडते’.

‘पळ काढणे’ मात्र यातले नाही. ते पळण्यातले.